कंसातले

एकतीस वर्षं पर्वरीला
सभागृहाच्या मधोमध, सगळ्यांच्या आवाजाखाली बसून
मी त्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवलं.
आरडाओरडा झाला की एकच शब्द लिहायचा, कंसात:
(गोंधळ).
हसले तर (हशा).
कुणी रडलं तर काय लिहायचं
ते शिकवलं नव्हतं.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार
साखळीचं इस्पितळ, खाट चार.
डाव्या हातात दोन सुया.
चार तास माझं रक्त बाहेर हिंडून येतं
आणि मी भिंतीवरच्या टीव्हीत दिल्ली बघतो.

कायद्यावर चर्चा चालू आहे.
त्याच कायद्यावर, ज्यानं ही यंत्रं इथवर आली
आणि आमच्या निळ्या पुस्तकात
पैशांचा रकाना कोरा राहिला.

एक सदस्य म्हणतात, रद्द करा, तिजोरीला भोक पडलंय.
दुसरे समंजस. चष्मा पुसत म्हणतात,
रद्द कशाला, फक्त एक वर्ष पुढे ढकला.

फक्त.
हजारदा लिहिलाय मी हा शब्द.
लघुलिपीत त्याला अर्धी रेघ पुरते.

आवेलिनो उसगावचा, खाणीवर टिपर चालवायचा.
खाण तात्पुरती बंद झाली तेव्हा चव्वेचाळीसचा होता,
आता साठीला टेकला.
तो डोळे न उघडता बोलतो,
"फुडें धुकलप म्हणल्यार कितें, तें म्हाका विचार."

हनीफाबी बोटांच्या पेरांवर मोजतात:
वर्षाचे एकशे छप्पन वार.
अर्ध्या बाजाराला कांकणं भरली ह्या बाईनं,
आता तिच्या डाव्या हातात एकही नाही.
तिथं कातडीखाली शीर गुरगुरते,
मांडीवरच्या मांजरासारखी.

आणि तिजोरीचं खोटं नाही हो.
असले आकडे मी टंकले आहेत,
शून्यं दोनदा तपासून.
केरीला माझ्या चुलतभावाकडे पुस्तक आहे, निळंच,
डॉक्टर मात्र आठवड्यातून एकदा, तोही आला तर.
हेही कुणीतरी बोललं आज. बरोबर बोललं.
पण मग डॉक्टर पाठवा, असं म्हणायला
त्याची वेळ संपली. घंटी वाजली.

एक जुनी दुपार आठवते.
सत्तरीच्या फिरत्या दवाखान्याचा प्रस्ताव होता.
'पुढील अधिवेशनात घेण्यात येईल.'
मी स्वच्छ टंकलं, स्वल्पविराम जागेवर बसवला
आणि खाली जाऊन पाव-भाजी खाल्ली.
मिरची जास्त होती, हेही आठवतं.
पुढील अधिवेशनात मीच होतो टेबलाशी.
प्रस्ताव नव्हता.

शिटी वाजते. माझ्या नव्हे, हनीफाबींच्या यंत्राची.
सुलक्षा धावते, वाटेत टीव्हीचा आवाज बंद करते.
दिल्लीची तोंडं हलत राहतात.
आणि माझा उजवा हात, रिकामा,
चादरीवर आपोआप लिहू लागतो:

(रक्तदाब खाली.)
(पाय वर घेतले.)
(आवेलिनोनं पाणी मागितलं. अर्धा पेला मिळाला.)
(कोणीतरी मानकुरादची गोष्ट काढली.
सगळ्यांना बंदी. हशा.)
(हनीफाबी डोळे उघडतात, विचारतात, झालं मतदान?)

नाही झालं.
पडद्याच्या तळाशी पट्टी सरकते:
कामकाज दोन वाजेपर्यंत तहकूब.
सुलक्षा माझ्या सुया काढते, कापूस ठेवते.
"दहा मिनिटं दाबून धरा, काका. सोडू नका."
मी दाबून धरतो.

दारात दुसऱ्या पाळीचा माणूस उभा आहे,
चपला हातात, पिशवीत डबा.
खाट चारची चादर बदलेपर्यंत
तो टीव्हीकडे बघतो
आणि मला विचारतो, काय म्हणतात?