सत्तेचाळिसावा पुठ्ठा

आमच्या वडगावात सकाळी सहाला माग सुरू होतात
आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागतं.
रात्री थांबतात तेव्हा
कानात जो आवाज उरतो
त्याला आम्ही शांतता म्हणतो.

मी विणत नाही.
ग्राफ पेपरवर घरं भरतो, तांबड्या पेन्सिलीनं.
एक घर, एक धागा.
भरलेल्या घराचं पुठ्ठ्यावर भोक होतं,
भोकात सुई शिरते, हूक धागा उचलतो,
आणि कुणाच्या तरी लुगड्याच्या काठावर
चोचीचा नाहीतर पाकळीचा
एक ठिपका येतो.
भोकांवर पोट चालतं, एवढंच.

‘दिवसभर घरं भरूलास,’ शेवंता म्हणते,
‘ह्या घराचं पण एकदा बघ की.’
तांदळाचा डबा आपटून दाखवते.
एवढ्या मागांच्या खडखडाटात
तो डबा बरोबर ऐकू येतो.

शहापुरात सोंटक्की शेठजींच्या मोबाईलवर
सुरतेहून फोटो येतात.
दोन बोटांनी फोटो ताणून ते म्हणतात,
‘हेच. दोन मोर कमी कर, बाकी अस्संच.’
मी मोर कमी करतो.
चष्म्याचा नंबर दोनदा वाढला,
मोराचा दर आहे तोच.

थोरला म्हणाला, कॉम्प्युटर बघून तरी ये.
गेलो.
तिथल्या पोरीनं एक पाकळी काढली, बटण दाबलं,
चारशे पाकळ्या आल्या,
एकीचंही दुसरीशी भांडण नाही.
चांगली पोर होती, चहा दिला.
घरी येऊन पेन्सिलीला टोक केलं,
टोक असताना.

मग एकदा येळ्ळूरच्या वाटेवर, बासमतीच्या बांधाला,
सायकलची चेन चढवत बसलो होतो
तर लव्हाळ्याच्या वाकलेल्या पात्यावर
एक चतुर. हलेना.
हाताला ग्रीस, खिशात कागद नाही.
बोटावर पंखांची घरं मोजली
आणि विसरू नये म्हणून
वडगाव येईपर्यंत कुणाशी बोललो नाही.
अकरा रात्री गेल्या त्यात.
शेठजी म्हणाले, ‘काठावर किडं? कोण नेसणार?’

ईरप्पानं मात्र कागद उजेडाला धरला,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, ‘इरलि बिडु,’
आणि उरल्यासुरल्या सुतावर सहा साड्या काढल्या.
पुठ्ठे ओवताना तो कन्नडमधून मोजायचा, मी मराठीतून,
चूक नको म्हणून.
त्याचं नलवत्तेळु, माझं सत्तेचाळीस,
दोघांचं एकमत झालं
आणि त्याच पुठ्ठ्यात
एक भोक पाडायचं राहिलं.
कळलं तेव्हा साड्या विकून गेल्या होत्या.
पडेल भावात.

चार वर्षं झाली.
काल खासबागच्या बाजारात
पोत्यावर रताळ्यांचा ढीग, मागं एक बाई,
पदरानं तराजूचं पारडं पुसत होती.
पदराच्या कडेला चतुर.
रंग बसलेला, दोन ठिकाणी टाका घातलेला,
तरी चतुर.
मी डावा पंख शोधला.
एक घर कमी.
पुढच्यालाही कमी, त्याच्या पुढच्यालाही.
सबंध काठभर
ते जरा एका अंगाला कलून उडत होते
आणि बांधावरचा तो खरा
तसाच बसला होता का काय,
आता आठवेना.

‘काय बघूलास रे बाबा?’ बाई म्हणाली.
तोंडापर्यंत आलं होतं.
‘रताळी,’ म्हणालो. ‘तीन किलो.’
तिनं मापाच्या वर एक टाकलं,
पदर खोचला,
चतुर कमरेत गेले.

पिशवी बघून शेवंता म्हणाली, एवढी कशाला?
स्वस्त होती, म्हणालो.
नव्हती.