गॅप

जिंतूर रोडला, वजनकाट्याच्या पलीकडं,
ऑइल फिल्टरचं खोकं फाडून
त्याच्या कोऱ्या अंगाला मी हिशेब मांडला.

फी अडतीस हजार, तीन वर्षं.
खोली दीड हजार, मेस अठ्ठावीसशे,
वर्षाचे दहाच महिने धरले, सुट्टीत घरी जेवेन.
दोन लाख त्रेचाळीस.
आणि चाचा देतो ते महिन्याचे नऊ हजार
छत्तीस महिने मिळणार नाहीत,
तेही खर्चातच धरायचे असतात म्हणे.
हे मला बँकेतल्या एका माणसानं शिकवलं,
मी त्याची क्लचवायर बदलत असताना.
त्यानं शिकवणी घेतली नाही.
मी वायरचे घेतले.

एकूण पाच लाख सदुसष्ट.

डिप्लोमा झाल्यावर वाळूजच्या शोरूमला
सुरुवात चौदापासून.
म्हणजे आजच्यापेक्षा पाच जास्त.
भाग दिला. साडेनऊ वर्षं.
बावीस, तीन, साडेनऊ.
पस्तिशीला टेकेन तेव्हा कुठं
आज उभा आहे तिथं येऊन उभा राहीन,
फक्त गणवेश इस्त्रीचा असेल.

दस्तगीरचाचा जॅकखालून म्हणाला,
"मुंजा, चुकलास."
मी पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.
"बेरीज नाही रे. त्यांचे चौदा चौदाच राहतेत का?
आन माझे नऊ मात्र नऊच राहणार हायेत.
ते मांड."

ते मांडता येईना. खोक्यावर जागा नव्हती.

मागच्या महिन्यात एक नवं पिकअप आलं होतं,
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, विझता विझेना.
चाचानं बॉनेटला कान लावला,
कुठलं सिलिंडर मिस मारतंय
हे दहा पावलांवरून सांगणारा कान.
इंजिन गुळगुळीत बोलत होतं.
दिवा डोळा मारत होता.
शेवटी गाडी शोरूमला गेली.
तिथल्या पोरानं वायर खुपसली,
स्क्रीनवर एक नंबर आला,
बाराशे रुपये.
पोरगं माझ्याच वयाचं. नखं स्वच्छ.
त्या दिवशी चाचानं सगळे पाने पुसले,
आणि पुसून झाल्यावर परत पहिल्यापासून पुसले.

काल तहसीलला गेलो.
दहावीनंतर सहा वर्षांचा खंड,
कॉलेजला गॅपचं शपथपत्र लागतं.
टायपिस्ट टाकळकरांनी चष्म्यावरून बघितलं:
"खंडात काय केलं?"
मी सांगायला लागलो,
की पहिलं वर्ष नुसते नट डिझेलमध्ये धुतले,
दुसऱ्या वर्षी एका ट्रॅक्टरचा बोल्ट पिळून तोडला
आणि चाचानं तो काढायला अख्खा रविवार घातला,
एक शिवी नाही, एक रुपया नाही,
की मानवतच्या घाटगेंची जीप
टेस्टला पहिल्यांदा मी एकट्यानं...
"एका ओळीत बसलं पाहिजे," ते म्हणाले.
"घरीच होतो, असं टाकतो. सगळे तसंच टाकतेत."

सदर कालावधीत अर्जदार घरीच होता.

मी सही केली.
मुद्रांकाच्या कोपऱ्यात बोटाचा काळा डाग उठला.
टाकळकरांनी रुमालानं पुसला, तो आणखी पसरला.
"चालतंय," म्हणाले, "हे दिसत नाही झेरॉक्समध्ये."

आज गुरुवार. अर्जाची शेवटची तारीख सोमवार.
खोकं अजून बाकावर पडलंय,
त्यावर कुणीतरी कार्बोरेटर उघडून ठेवलाय.
चाचानं दुपारी चहा ओतता ओतता विचारलं,
"काय लिवलं कागदात?"
मी म्हणालो, तुमच्याकडं होतो, असं.
चाचा थोडा वेळ गप्प. बशी फुंकली.
मग म्हणाला,
"पत्ता नीट टाकला ना?
वजनकाट्याच्या पलीकडं, असं टाकायचं.
अलीकडं टाकला तर
लोकं त्या दुसऱ्याकडं जातेत."