उंबराच्या डोहावर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रजेच्या अर्जावर
कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, 'घरगुती'.
मेमधला एक आठवडा, आणि सोबत
भावोजींनी दुबईहून आणलेली रीळ,
तीन वर्षं कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

खानापूरच्या पुढं मलप्रभा या दिवसांत
नदी नसते. डोह असतात,
बोलाचाल बंद असलेल्या भावांसारखे,
आणि मधे दगडांवरून करंगळीएवढी धार.
"ही धार हाय तवर नदीच म्हणायची," बस्त्यांव म्हणाला.
कौलांच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीपुढं काढलेला माणूस,
पाण्याकडं बघतानाही
डोळे बारीक करतो.

पहिल्या दिवशी त्यानं गळ टाकूच दिला नाही.
"बस की रे. तुझी सावली
आधी हितली होऊंदे."

मग कणीक, हळद, हिंग.
मग शेणखड्ड्यातली लालभडक गांडुळं.
दोन शिंगटी आल्या,
एक खेकडा दोरा कापून गेला.
पलीकडच्या काठावर पंपाचा पाइप
दिवसभर न थकता ओढत होता,
त्याला मात्र रोज मिळायचं.

बायकोचा फोन साडेसातला.
"काही मिळालं?"
"नाही."
"मग करता काय दिवसभर?"
याचं उत्तर शोधत मी
रेंजच्या बाहेर चालत जायचो.

गुरुवारी दुपारी वरच्या अंगाला धप्प झालं.
आभाळात ढग नव्हता.
बस्त्यांवनं चपला घातल्या, पुन्हा काढल्या.
"जिलेटिन," एवढंच म्हणाला.
खाणीतून कोण आणतं, हे त्याला
नावानिशी ठाऊक होतं, बापाच्या नावासकट.
तासाभरानं धारेवरून उतरत आली
बोटाएवढी पिल्लं, पोट वर करून,
खवल्यांवर अजून उजेड.
त्यानं एकेक वेचलं
आणि उंबराच्या मुळाशी पुरलं.
"खत हुतंय," म्हणाला,
हात धुतले, बराच वेळ.

त्या रात्री त्याच्याकडं जेवलो.
इनासीनबाईनं सुक्या बांगड्याची किसमूर केली होती.
नदीकाठच्या घरात
समुद्राचा मासा, बाजारातून आणलेला.
कुणी हसलं नाही.

शनिवारी पहाटे उंबरं पिकून पडायला लागली.
टुप.
मग पाण्याखाली काहीतरी जड
कूस बदलायचं.
"खडस," बस्त्यांव ओठ न हलवता म्हणाला.
मी गळाला उंबर लावलं.
टुप.

रीळ किंचाळली.
मनगटातून, कोपरातून, साचे उचलून
कायमचा दुखरा झालेल्या खांद्यापर्यंत
कुणीतरी मला खाली बोलावत होतं.
किती वेळ, सांगता येत नाही.
बस्त्यांव कमरेएवढ्या पाण्यात ओरडत होता,
"ढिला सोड गा! ढिला!
त्याला वाटूंदे, त्योच जिंकालाय!"

आला. हातभर.
घासलेल्या घागरीच्या रंगाचा,
एकेक खवला रुपयाएवढा,
तोंड उघडत, मिटत,
जसं कुणाचं नाव ओठावर येऊन अडलंय.
फोन काठावर, चपलेत होता.
बस्त्यांव माझ्याकडं न बघता
बिडी शोधत होता, ती भिजली होती.
मी दोन्ही हातांनी त्याचं तोंड धारेकडं केलं.
थोडा वेळ तो तसाच राहिला,
मग हात नुसते ओले.

साडेसात.
"मिळालं काही?"
"मिळाला. मी सोडलो त्याला."
ती पुण्याची. बारा वर्षं
माझं बेळगावचं मराठी दुरुस्त करते.
"सोडला म्हणा. सोडलो काय?
तुम्हाला का कुणी सोडलं?"
मी दुरुस्ती केली नाही.

सोमवारी फाउंड्रीच्या गेटवर
हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
घेतला नाही.
पुसला, पुन्हा ठेवला.
दोऱ्यानं कापलेली बारीक रेघ होती,
नेमकी मधोमध.
मागं रांग वाढत होती.
वॉचमन रजिस्टर पुढं सरकवत म्हणाला,
"हितं सही करा.
तुम्हाला वळखंनासं झालंय मशीन."