पांढरं काढा

तिकीट फाडणाऱ्या पोरानं विचारलं, "कॅमेरा आहे?
कॅमेऱ्याचे वेगळे पैसे."
नाही, म्हटलं. डोळे आहेत फक्त,
त्यातला एक मोतीबिंदूचा.
तो हसला नाही.
ओक्वुदिलीनं पाकीट चाचपेपर्यंत
मी पुढे गेले होते, गवतात.

रणगाडा, पुन्हा रणगाडा, पोट फुटलेली एक गस्तीची बोट,
आणि मग ते.
सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवून ठेवलेलं विमान.
एवढंसं.
आमच्या पाद्रीबाबांची फोक्सवॅगन याहून रुबाबदार होती.
पंखाला हिरवा रंग, नव्यानं फासलेला,
ब्रशचे केस अजून त्यात चिकटलेले.

मी सात वर्षांची होते तेव्हा
विमान आभाळाएवढं असायचं.
आधी कोंबड्या गप्प व्हायच्या,
मग बायका,
मग आवाज.
आई ओरडायची, "पांढरं काढा! पांढरं!"
की दोरीवरचं सगळं ओरबाडलं जायचं.
माझा पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक
तिनं एकदा चिखलात दाबला, टाचेनं,
साप मारावा तसा.
बॉम्बसाठी नाही रडले मी. फ्रॉकसाठी रडले.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
आमची त्याच्याही पुढे, कसाव्याच्या रानात,
अंगावर पामच्या झावळ्या ओढून.
तिथे पालथं पडून आम्ही आवाज शिकलो,
बाकीच्या जगात मुलं पाढे शिकत होती तेव्हा.
दिवसाचं विमान मारतं.
रात्रीचं, दिवे विझवून उतरणारं,
मीठ आणतं, सुका मासा आणतं, दुधाची पावडर.
"हे भाताचं," उलोमा काळोखात सांगायची,
पोट टम्म, केस मक्याच्या कणसासारखे तांबूस,
"भाताचं आहे, झोपा."
चार वर्षांची होती. तिचं कधी चुकलं नाही.

मीठ आईच्या कमरेच्या गाठीत असे.
बोट ओलं करून
एकेकानं एकदाच टेकवायचं.
उलोमाची पाळी
पुढे आम्ही दोघांनी वाटून घेतली.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
त्यानंही नसावं.

"हेच ते!" ओक्वुदिलीनं काठी पंखावर आपटली.
"बाजारावर आलं होतं ते. मी ओळखतो याला."
त्या दिवसापासून त्याचा डावा कान गेलेला,
म्हणून तो सगळंच ओरडून सांगतो.
शाळेची एक सहल बिस्किटं खात थांबली, बघायला.

तिकीटवाला पोरगा धावत आला, त्याच्या डावीकडून.
"काठी नको, बाबा, काठी नको!
आणि हे त्यांचं नाही. हे आपलं.
पहाटे झाडांच्या शेंड्यांवरून जायचं,
त्यांच्याकडे टाकून परत यायचं."
"टाकून" म्हणताना त्यानं हात झटकला,
जेवणानंतर पाणी झटकावं तसा.
अभिमान होता त्याच्या आवाजात. त्याचं वय वीस असेल.

आपलं.

मी पत्र्याला हात लावला. तव्यासारखा तापलेला.
म्हणजे तिकडेही आधी कोंबड्या गप्प झाल्या असणार.
तिकडेही कुणी दोरीकडे धावलं असणार.
त्यांची भाषा मला बाजारापुरती येते:
केवढ्याला, महाग आहे, राहू दे.
पांढऱ्याला काय म्हणतात,
साठीत आले तरी विचारलं नाही मी कुणाला.

पंख्याच्या आडून लाल डोक्याचा एक सरडा आला,
मान वर, मान खाली,
जसं काही सगळं मान्य.
त्या वर्षी आम्ही यांना भाजून खाल्लं.
शेवटी शेवटी तर दिसायचेच बंद झाले होते.
हा जाडजूड आहे.

ओक्वुदिली काठी छातीशी धरून उभा होता,
अजूनही त्या पंखाकडे बघत, डोळे बारीक करून,
पन्नासहून अधिक वर्षांनी
शत्रू हाताच्या अंतरावर मिळालेला माणूस.
"काय म्हणाला तो?" त्यानं विचारलं.

"काठी लावू नका म्हणतो,"
मी म्हटलं,
त्याच्या चांगल्या कानात.