संबोधन

सकाळी कारखान्याचा भोंगा होतो
आणि मळीचा वास कसबा बावड्यावर
ओल्या गोधडीसारखा पसरतो,
तेव्हा आमची शाळा भरते.
घंटा नाही. ताटावर पळी वाजवायची.
आज कुणाची पाळी, यावर रोज भांडण.

आशेर, वय नऊ. तबीथा, सहा, पुढचा दात पडलेला.
पट एवढाच.
आधी स्तोत्र, पाठ, न बघता.
मग पाढे, मग नद्या, मग राजे, आधीचा आधी, नंतरचा नंतर,
आणि डाळ शिजेपर्यंत लॅटिन,
जे मला येत नाही.
मी मुलांच्या फक्त एक पान पुढे असते,
आदल्या रात्री भांडी घासताना घोकलेलं.

सुदेश शिरोलीच्या फाउंड्रीतून येतो,
कानात अजून काळी वाळू.
म्हणतो, "रोम पडलं की गं, कवाच."
पडू दे. मुलं घोकताहेत:
डोमिनुस, प्रभू. डोमिनी, प्रभूचा. डोमिनो, प्रभूला.
आशेर ओरडतो, "आई, हे तर आपलंच, स ला ते!"
शेवटी संबोधन. डोमिने.
"ही विभक्ती कशाला?" तबीथा विचारते.
हाक मारायला.
"नुसती हाक मारायला?"
हो. बघ, प्रभू, पण हाक मारताना प्रभो.
ती अंगठा चोखत विचार करते. सहा वर्षांची झाली तरी.

खरं सांगायचं तर
काही दिवस भागाकारावर मीच रडते.
मिशनच्या शाळेत अकरा वर्षं शिकवून
स्वतःची दोन पोरं घरी ठेवली,
म्हणून माझ्या जुन्या बाई चर्चबाहेर
माझ्याशी हवापाण्याचंच बोलतात.

मंगळवारी दारात गवंडी बाई.
शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण.
चपलांना उसाच्या फडातला चिखल,
दारातच काढून ठेवल्या, आत येईनात.
"कारण काय लिहू?" त्यांनी तक्ता दाखवला:
ऊसतोड. वीटभट्टी. आजार. भावंडं सांभाळणे.
माझं कारण त्यात बसेना.
मी बोलत राहिले. स्मरण, मग तर्क, मग वाणी,
लहान वयात पाठांतर, शास्त्र, भक्ती.
बाईंनी ऐकलं. चहा घेतला.
आशेरला सतराचा पाढा विचारला,
त्यानं तो उलटाही म्हणून दाखवला, आगाऊ.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "तुम्ही आहात घरी म्हणून."

पेन 'इतर'वर थांबलं, तेव्हा दिसलं,
आमच्या नावांच्या वरच्या ओळीत:
शिवकन्या, वय आठ, बीड जिल्हा, ऊसतोड.
"मोळ्या बांधती," बाई म्हणाल्या. "वाढं विकाया बसती.
हुशार हाय. माझं घड्याळ वाचून दाखवलं तिनं,
कुणी शिकवलं कुणास ठाऊक."
आणि चपला घालून निघून गेल्या.

त्या दिवशी तर्काचा धडा झाला नाही.
मी डाळ करपवली.
शिवकन्या आणि तबीथा एका कागदावर,
एकीखाली एक,
दोघी शाळेबाहेर,
आणि दोन्हींतलं अंतर मला
कुठल्याही विभक्तीत चालवता येईना.

रात्री प्रार्थना. दिवा बारीक.
आशेर नीट, क्रमानं, उपकारस्तुती मग मागणं.
मग तबीथा. दातातून वारा जातो.
"हे प्रभो, बाबांच्या कानातली वाळू काढ.
आजीचा गुडघा बरा कर."
थांबली. मग मोठ्यानं,
खिडकीकडे तोंड करून, फडाच्या दिशेनं:
"शिवकन्ये!"

"अगं," आशेर कुजबुजला,
"प्रार्थनेत देवालाच हाक मारायची."

रूप बरोबर होतं.
मी काही दुरुस्त केलं नाही.
बाहेर ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या ऊस,
वर कुणीतरी बसलेलं, लहान की मोठं कळेना.
तबीथा उत्तराची वाट बघत
अजून जागीच होती.

सकाळी मी भोंग्याआधी उठले.
बाईंचा नंबर चहाच्या डब्यावर लिहिलेला होता.
डबा हातात घेऊन
बराच वेळ
उभी राहिले.