बारा पॉइंट सहा

माझ्या कमरेला अकरा बंगल्यांच्या किल्ल्या आहेत
आणि राहायला दोन खोल्या, पत्र्याच्या,
विट्याहून मायणीकडं जाताना डाव्या हाताला.
पुढच्या खोलीत दुकान : दस्तगीर ऑटो इलेक्ट्रिक.

इकडची माणसं गलाईला गेलेली.
कोणी कोइमतूरला, कोणी त्रिचूरला, एक तर पार सिलिगुडीला.
परमुलखात दुसऱ्यांचं सोनं वितळवतात,
गावात बंगला बांधतात
आणि बंगल्यात गाडी ठेवून जातात, खोळ घालून,
दसऱ्यापर्यंत.

उभी गाडी काही खात नाही असं लोक समजतात.
खाते.
घड्याळ खातं, अलार्मचा तो तांबडा ठिपका रात्रभर खातो.
म्हणून मी काळी वायर काढून ठेवतो.
तरीही उतरतेच. आतल्या आत.
वापरलं नाही म्हणून शिल्लक राहील
अशी वस्तू मी अजून बघितली नाही.

दर दुसऱ्या शुक्रवारी, नमाज झाली की निघतो.
मीटर, चार्जर, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, व्हॅसलिनची डबी.
बारा पॉइंट सहा आलं तर बॉनेट लावून पुढं.
बारा पॉइंट चार आलं तर रात्रभर चार्जिंग, हळूहळू,
बाळंतिणीला पेज पाजावी तसं.
आणि बाराच्या खाली बरेच दिवस राहिली
तर प्लेटांवर पांढरं धरतं,
शिसं गंधकाशी सोयरीक करून बसतं
आणि ती सोयरीक मोडता मोडत नाही.

काढताना आधी काळी, मग लाल.
लावताना आधी लाल, मग काळी.
भाच्याला हे पाढ्यासारखं पाठ करायला लावलं.
तो म्हणतो, मामू, आता आपोआप बंद होणारे चार्जर मिळतात,
लावून ठेवायचा, वर्षभर बघायला नको.
मी म्हटलं, आणि लाईट गेली तर?
खरं म्हणजे मला दुसरंच म्हणायचं होतं.

जालिंदर मोहित्यांची पांढरी गाडी.
तीन दसरे झाले, पालख्या पळाल्या, गाडी हलली नाही.
महिन्याचे दोनशे यायचे, ते थांबले.
मग बोर्डानं मीटर काढून नेला.
तेव्हापासून त्यांची बॅटरी मी दुकानात आणतो,
एम-एटीवर, दोन पायांत धरून,
चार्ज करतो, परत नेऊन बसवतो.
का, ते विचारू नका. बायकोनं विचारून झालंय.

ते गेल्याचं मला फोटोवरून कळलं.
व्हॉट्सअपवर त्यांच्या नंबरापुढं हार घातलेला.

गेल्या शुक्रवारी त्याच नंबरावरून फोन.
मी बॉनेटमध्येच होतो, काळी वायर आवळत.
नलिनीवहिनी.
‘दस्तगीरभाऊ, गाडी चालू होते का हो अजून?’
होते की.
‘जरा ऐकवता?’

चावी फिरवली.
पहिल्याला घेतलं नाही. दुसऱ्याला घेतलं.
फोन बॉनेटपाशी धरला.
तिकडून मागं मिक्सरचा आवाज, कोणीतरी तमिळमध्ये पोराला रागावत होतं,
मग दार लावल्यासारखं झालं आणि काहीच नाही.
‘राहू द्या थोडा वेळ,’ म्हणाल्या.

उभ्या गाडीत इंजिन असं नुसतं फिरवून
बॅटरीत फारसं काही भरत नाही.
हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.
हात भरून आला तसा फोन या हातातून त्या हातात घेतला.

काळी जोडली की गाडीचं घड्याळ बारापासून लागतं.
बंद केली तेव्हा त्यात बारा वाजून वीस झाले होते.
बाहेर उन्हं शेडच्या पायरीवरून उतरली होती.

‘किती द्यायचे राहिलेत तुमचे?’
मी हिशेब केला. मनातल्या मनात, नीट केला.
म्हटलं, पाण्याचे साठ रुपये द्या.