वावडं

आमच्याकडे त्याला एकच शब्द होता.
मला दुधाचं वावडं, नवऱ्याला वांग्याचं,
थोरल्या नणंदेला तर कामाचंच वावडं,
असं म्हणून हसायचो
दिवाळे गावच्या जेट्टीवर, कोलंबी सोलता सोलता.

माझं पोट मला ठाऊक.
वाटीभर खीर खाल्ली की तासाभरात
आत कोणीतरी टोपं घासायला बसतं.
पण चहातलं दूध चालतं. दही चालतं.
लग्नात बासुंदी असली की दोन चमचे घेते,
तिसऱ्याला माझं मीच ठरवते
उद्याचा बाजार बुडवायचा की नाही.
वावडं म्हणजे हेच, वाटायचं,
अंगाशी केलेली घासाघीस.

निहार म्हणायचा, कोलंबीने तोंड खाजतं.
आम्ही म्हणायचो, कोळ्याचं पोर आणि नखरे बघा.

मग सारसोळ्याला, जयेंद्रच्या साखरपुड्यात,
त्याने कांद्याची भजी खाल्ली. चार.
कोलंबीला हातसुद्धा लावला नव्हता,
फक्त तेल तेच होतं.

आधी कानामागे एक गांधी. मग पाठभर.
"पित्त उठलंय," कोणी म्हणालं,
कोणी आमसुलं भिजत घातली.
आमसुलं भिजेपर्यंत
त्याचे ओठ त्याचे राहिले नव्हते.
खोकला, आणि खोकल्यामागून बारीक शिट्टी.
"आई, गळ्यात कोणीतरी दार लावतंय."

मांडववाल्याच्या टेम्पोतून नेला,
मागे खुर्च्या खडखडत होत्या,
एवढंच आठवतं.
आणि त्याच्या मांडीत घुसलेली सुई,
जी मला दिसली नाही, पण अजून दुखते.

डॉक्टर लिमजे, माझ्या भाचीएवढी पोरगी,
रात्री अकराला स्टुलावर बसून म्हणाली,
"मावशी, तुमचं आणि याचं एक नाही.
तुमच्या पोटाला दूध फोडता येत नाही,
त्रास होतो, पण जीव जात नाही.
याचं अंग कोलंबीला शत्रू समजतं.
चोर नसताना पहारेकरी उठतो
आणि घरालाच आग लावतो.
तुमचा हिशोब वाटीचा.
याला वाटी नाही, चमचा नाही, तेलाचा थेंबही नाही."

मी विचारलं, थोडी थोडी देऊन सवय?
ती म्हणाली, "घरी? कधीच नाही."
तिच्या आवाजात घासाघीस नव्हती.

आता घरात दोन कोयत्या आहेत.
लाल दोऱ्याची त्याची.
कोलंबी घरात शिजत नाही,
वाफेनेसुद्धा त्याचा श्वास अडतो म्हणून.
बाजारातून आले की कोपरापर्यंत साबण,
लुगडं बदलून मगच त्याच्या केसांना हात.
दप्तरात कंपासपेटीशेजारी इंजेक्शन,
वर्गातल्या बाईंना मी दोनदा शिकवून आले.
त्या घाबरल्या. मी म्हटलं, मीपण.

नणंद अजून म्हणते,
"आमच्या वेळी नव्हती असली थेरं.
जरा चव घेऊ दे, काय नाय होत.
तुला नाय का दूध सोसत, मेलीस का?"
नाही मेले.
तिला कसं सांगू की तोच तर फरक आहे.

परवा निहारने विचारलं,
जेट्टीच्या पायरीवर, ओहोटीच्या चिखलाकडे बघत,
"आई, मग मी कोळीच नाही का?"
मला उत्तर सुचलं नाही.
घरी आणून दोन ओले बोंबील तळले,
नव्या तेलात, त्याच्या तव्यावर.
मासा त्याला चालतो, तपासून घेतलंय,
कागद देवाच्या फोटोमागे आहे.
तरी तो चावत होता तेव्हा
मी त्याच्या ओठांकडे बघत बसले.
अर्धा तास. ओठ ओठच राहिले.
मग माझ्या चहाकडे वळले,
गार झाला होता, वर साय धरली होती.
ती बोटाने काढून ठेवली बशीत.